भंडाऱ्याचे मत आणि तीन पिढ्या

पिढी बदलली की विचार बदलतात, असे आपल्याकडे फार सहज बोलले जाते. सभेत एखादा तरुण कार्यकर्ता तावातावाने बोलू लागला की मागच्या रांगेतले कोणी गृहस्थ समजुतीच्या सुरात म्हणतात, ‘अहो, ही जुनी खोडं आहेत, चार दिवसांची पाहुणी. ती गेली की सगळं आपोआप नीट होईल.’ म्हणणारा बहुधा शिकलेला, सुस्थित आणि मनाने वाईट नसलेला असतो. पण त्याचे हे म्हणणे इतिहासाच्या कसोटीला उतरते काय, हे कोणी पाहत नाही. मी भंडारा जिल्ह्यातला. इतिहास शिकवतो. ही कसोटी लावून पाहायला माझ्या जिल्ह्याइतकी सोयीची जागा दुसरी नसेल. ‘सोयीची’ हा शब्द वापरताना जीभ अडखळते, पण तो खरा आहे. याच जिल्ह्यात १९५४ साली बाबासाहेबांचा पराभव झाला. याच जिल्ह्यातून १९५६ साली आमची माणसे दीक्षेसाठी नागपूरला गेली. आणि याच जिल्ह्यात २००६ साली खैरलांजी घडले. पराभव आणि खैरलांजी यांच्यामध्ये बावन्न वर्षे आहेत, म्हणजे पुरत्या दोन पिढ्या. जुनी खोडे तोवर बव्हंशी गेलेली होती.

१९५४ च्या पोटनिवडणुकीचा उल्लेख आपल्या व्याख्यानांत नेहमी येतो. पण ती निवडणूक मुळात का झाली हे फारसे कोणी सांगत नाही. आणि खरी गंमत तिथेच आहे. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भंडारा हा लोकसभेचा द्विसदस्य मतदारसंघ होता. एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव. (जिल्हा त्या वेळी मध्य प्रदेशात होता, आणि १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा होईपर्यंत आजचे दोन्ही जिल्हे मिळून एकच भंडारा होता.) दोन्ही जागा काँग्रेसने जिंकल्या. या निवडणुकीला आव्हान दिले गेले आणि प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात पोचले. १५ फेब्रुवारी १९५४ च्या निकालात न्यायालयापुढे दोन मुद्दे होते. सर्वसाधारण जागेवर निवडून आलेले चतुर्भुज जसानी ज्या विडी-पेढीत भागीदार होते, त्या पेढीचा सरकारला विड्या पुरविण्याचा करार होता; सरकारशी असा करार असणाऱ्याला उमेदवार होता येत नव्हते. दुसरा मुद्दा गंगाराम ठवरे यांचा. ठवरे जन्माने महार, पण त्यांनी महानुभाव पंथ स्वीकारलेला. महानुभाव जात मानत नाहीत, मग हा गृहस्थ महार उरला कुठे, असे म्हणून त्यांचा राखीव जागेचा अर्ज फेटाळण्यात आला होता.

निकालपत्र लिहिले न्यायमूर्ती विव्हियन बोस यांनी. ते पूर्वी नागपूरच्याच उच्च न्यायालयात होते. इकडचा समाज त्यांना ठाऊक होता. त्यांनी तीन गोष्टी तपासल्या. मूळची जात या माणसाकडे कोणत्या नजरेने पाहते, त्याचा स्वतःचा हेतू काय, आणि नव्या पंथाचे नियम काय सांगतात. या कसोट्यांवर ठवरे महारच राहिले, त्यांचा अर्ज चुकीने फेटाळला गेला, असे ठरले आणि निवडणूक रद्द झाली.

कायद्याच्या विद्यार्थ्याने हा निकाल कायद्याच्या अंगाने वाचावा. मला त्यात समाजशास्त्र दिसते. माणसाने पंथ बदलला, देव बदलला, गुरू बदलला. तरी तो कोण हे ठरविताना न्यायालयाला भोवतालचे लोक काय समजतात हे पाहावे लागले. जात ही माणसाच्या अंगावर नसते, ती इतरांच्या मतात असते. आणि म्हणून जातीचा इतिहास हा फार मोठ्या प्रमाणात लोकमताचा इतिहास आहे.

रिकाम्या झालेल्या दोन जागांसाठी मे १९५४ मध्ये पोटनिवडणूक झाली. राखीव जागेसाठी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे स्वतः बाबासाहेब उभे राहिले. दोन वर्षांपूर्वी मुंबईत नारायण काजरोळकरांकडून ते १४,५६१ मतांनी हरले होते. वय त्रेसष्ट, प्रकृती ढासळलेली, राज्यसभेचे सदस्यत्व हातात होतेच. तरीही ते वैशाखाच्या उन्हात आमच्या जिल्ह्यात आले. भंडाऱ्याच्या वैशाखाची ज्यांना कल्पना आहे त्यांनाच याचा अर्थ कळेल. सर्वसाधारण जागेवर त्यांच्या जोडीला प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता होते. निकाल लागला तो असा: मेहता निवडून आले, बाबासाहेब पडले. काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांनी त्यांना ८,३८१ मतांनी हरविले. बाबासाहेबांना सुमारे १ लाख ३२ हजार मते मिळाली होती.

येथे त्या वेळची मतदानाची रीत लक्षात घेतली पाहिजे. प्रत्येक मतदाराला दोन मते असत, आणि ती दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी. बैलजोडीची पेटी काँग्रेसची, हत्तीची पेटी फेडरेशनची. अनुसूचित जातींच्या उमेदवारांत ज्याची मते सर्वांत अधिक तो राखीव जागेवर, आणि मग उरलेल्या सर्वांत जो वरचढ तो दुसऱ्या जागेवर. म्हणजे एक मत हत्तीच्या पेटीत टाकायचे आणि दुसरे कोणालाच द्यायचे नाही, असे आमच्या लोकांनी केले असते तर मेहतांची मते घटली असती आणि दुसऱ्या जागेची वाट तरी बाबासाहेबांना मोकळी झाली असती. याला आपल्याकडे ‘मत कुजविणे’ म्हणतात. कार्यकर्त्यांनी ही युक्ती सुचविली आणि बाबासाहेबांनी ती साफ नाकारली, ज्याने घटना लिहिली तो मत फुकट घालवायला सांगणार नाही असे ते म्हणाले, ही हकीकत आमच्या भागातल्या प्रत्येक वस्तीत सांगितली जाते. मुंबईत १९५२ साली सुमारे ७४ हजार मतपत्रिका बाद ठरल्या होत्या, आणि मते मुद्दाम वाया घालवायला लावली म्हणून बाबासाहेब व मेहता यांनी मिळून निवडणूक-अर्जही केला होता. तेव्हा या हकीकतीला पार्श्वभूमी आहे.

एका पेटीत मेहतांसाठी मत टाकून दुसरी मतपत्रिका हत्तीच्या पेटीत टाकताना ज्यांचा हात अडखळला, त्यांनी ही निवडणूक ठरविली. लक्षात घ्या, ही माणसे सनातनी नव्हती. समाजवादाला मत देणारी, सभेला जाणारी, वर्तमानपत्र वाचणारी होती. बोरकरही अनुसूचित जातीचेच होते. म्हणजे अस्पृश्याला मत देण्यास स्पृश्य मतदाराची हरकत नव्हती. जो आपला हिशेब मागतो त्या अस्पृश्याला मत देण्यास होती. पुणे कराराने संयुक्त मतदारसंघात हेच होणार, ही भीती १९३२ सालीच व्यक्त झाली होती. भंडाऱ्याने तिच्यावर शिक्का मारला. (हेच अशोक मेहता १९६७ साली याच भंडाऱ्यातून काँग्रेसचे उमेदवार म्हणून निवडून आले, हेही जाता जाता नोंदवून ठेवू.)

आज मात्र भंडाऱ्यात बाबासाहेबांविरुद्ध मत दिलेला माणूस शोधूनही सापडत नाही. वर्गात हा भाग शिकवताना मी विद्यार्थ्यांना विचारतो, ‘तुमच्या घरी कोणी सांगितलं का, आजोबांनी कुणाला मत दिलं होतं?’ कुणबी, तेली, पोवार, कोहळी, सगळ्या घरांतली मुले हात वर करून सांगतात, ‘सर, बाबासाहेबांना!’ एवढ्या आजोबांनी खरोखरच हत्तीच्या पेटीत मत टाकले असते तर बाबासाहेब लाखाने निवडून आले असते. मुले खोटे बोलत नाहीत. त्यांना घरात तसेच सांगितले गेले आहे. आणि असे सांगावेसे वाटणे हा एक बदल आहे, तो मी नाकारत नाही. १९५४ मध्ये ज्याचे नाव घेणे अडचणीचे होते त्याला मत दिले नव्हते हे सांगणे आता अडचणीचे झाले आहे. प्रत्येक पक्षाच्या फलकावर त्यांचे चित्र आहे. पण लोकमत बदलते तेव्हा सर्वांत आधी बदलते ते चारचौघांत काय बोलावे आणि काय बोलू नये हे. त्याला मनाचे परिवर्तन समजण्याची घाई करू नये.

परिवर्तन खरोखर कसे होते, ते आपल्याच समाजाच्या इतिहासात दिसते. नागपूर-भंडाऱ्याच्या महार समाजात विसाव्या शतकाच्या आरंभी जी पिढी पुढे आली तिच्यात किसन फागूजी बनसोडे होते, गोंदियाचे कालीचरण नंदागवळी होते. नंदागवळी १९२० च्या दशकात मध्य प्रांताच्या कायदेमंडळात बसले. बनसोड्यांनी छापखाना घातला, ‘मजूर पत्रिका’, ‘चोखामेळा’ अशी पत्रे चालविली. हमालीची ओझी वाहिलेल्या जाईबाई चौधरींनी नागपुरात मुलींसाठी शाळा काढली आणि तिला चोखामेळ्याचे नाव दिले. हे नावच सारे सांगते. देवळाच्या पायरीशी उभ्या राहिलेल्या संताचे नाव घेऊन ही पिढी माणुसकी मागत होती. मे १९२० मध्ये शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली नागपुरात अस्पृश्यांची परिषद भरली तेव्हा हीच मंडळी मांडवात होती. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली आणि बनसोड्यांना ती पटली नाही. ते हिंदूच राहिले, १९४६ साली वारले. त्यांना आज हिणविणे सोपे आहे. मला ते अन्यायाचे वाटते. त्यांनी नांगरलेल्या जमिनीतच पुढचे पीक आले.

पण मुद्दा वेगळा आहे. १९२० मध्ये चोखोबाचा अभंग म्हणणारी सामान्य माणसे १९४२ च्या जुलैत नागपूरच्या फेडरेशनच्या अधिवेशनात होती, आणि त्याच माणसांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बावीस प्रतिज्ञा घेतल्या. पिढी बदलावी लागली नाही. म्हाताऱ्या माणसांनी आपले पन्नास-साठ वर्षांचे मत जिवंतपणी टाकून दिले. ज्या घरात मातामायचा नवस चालत होता त्या घरातले देव्हारे वैनगंगेत आणि गावतळ्यात गेले, ते मुलांनी आईबापांच्या माघारी टाकले असे नाही. कित्येक ठिकाणी म्हाताऱ्यांनी आपल्या हाताने नेऊन सोडले. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत १९५१ च्या जनगणनेत बौद्धांची संख्या अडीच हजारांच्या आत होती. १९६१ मध्ये ती सुमारे २७ लाख ८९ हजार झाली. दहा वर्षांत पिढी बदलत नाही. मत बदलले ते चळवळीने, वस्तीवस्तीतल्या बैठकांनी, जलशांनी, भीमगीतांनी, आणि एका माणसावरच्या अशा विश्वासाने की जो अनेक वर्षांच्या खस्तांनी मिळविलेला होता. पुढे १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने आमच्या पवनीला जगन्नाथ टेकडीवर उत्खनन केले आणि खाली बौद्ध स्तूप निघाला, तेव्हा नव्याने बौद्ध झालेल्यांना आपल्या पायाखालची जमीनच ओळख देत असल्यासारखे वाटले.

या परिवर्तनाची किंमतही रोख मोजावी लागली. ठवऱ्यांच्या प्रकरणात पंथ बदलूनही माणूस महार राहिला होता. पण १९६२ मध्ये नागपूरच्या राखीव जागेवरून विधानसभेवर निवडून आलेल्या डी. पी. मेश्रामांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली ठरविले की, ज्याने जाहीरपणे बौद्ध धर्म स्वीकारला तो अनुसूचित जातीचा उरत नाही. कायद्याच्या लेखी ते सुसंगत असेल. गावात काय होते? पाटलाच्या ओट्यावर त्याला अजून महारच म्हणत होते. शेजाऱ्याच्या मतात जात शाबूत, सरकारच्या कागदात ती गेलेली! महाराष्ट्र राज्याने १९६० पासून नवबौद्धांना सवलती दिल्या, पण केंद्राने त्या १९९० पर्यंत दिल्या नाहीत. माझ्या वडिलांच्या पिढीतल्या कित्येकांनी म्हणून दाखल्यावर ‘हिंदू महार’ लिहिले आणि घरात बुद्धाची तसबीर लावली. त्यांना ढोंगी म्हणणाऱ्यांनी एकदा तो तीस वर्षांचा हिशेब मांडून पाहावा. हीच पिढी १९७९ साली नागपूरहून औरंगाबादकडे नामांतरासाठी निघालेल्या लाँग मार्चमध्ये चालली आणि तिला १९९४ पर्यंत वाट पाहावी लागली.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. स्पृश्य समाजात या काळात काय झाले? माझी आजी विड्या वळीत असे. तेंदूची पाने कात्रीने कापायची, तंबाखू भरायचा, दोरा गुंडाळायचा. आमच्या वस्तीतल्या बहुतेक बायांचे हेच काम. त्या विड्या गावातल्या आणि परगावच्या सगळ्या जातींच्या ओठांत जात. पान थुंकी लावून मऊ केलेले असो की काखेतल्या लेकराच्या हाताचे असो, विडी कधी बाटली नाही. पण त्याच आजीच्या हातचे पाणी बाटत होते. विटाळाच्या कल्पनेला धर्माचा आधार आहे, हे आपण वाचतो. त्या आधाराला व्यापाराने कुठे भोक पाडून घेतले होते, ते विडीत दिसते. पुढे नळ आले, तेव्हा विहिरीचा प्रश्न बराचसा मिटला. त्यात कोणाचे मत बदलण्याचा प्रश्नच आला नाही. एस. टी. आली, हॉटेले आली. १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याने वेगळी कपबशी ठेवणे धोक्याचे केले. आणि मग ते बोलणेही बंद झाले.

२०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात घरोघर विचारले गेले होते की तुमच्या घरात कोणी अस्पृश्यता पाळते काय. देशभरात २७ टक्के घरांनी होय म्हटले. मध्य प्रदेशात ५३ टक्के. महाराष्ट्रात अवघे ४. आमच्या जिल्ह्याची सीमा मध्य प्रदेशाला लागून आहे. नदी ओलांडताच माणसाचे मन बारा-तेरा पट शुद्ध होते, असे मानायचे काय? महाराष्ट्रात फुले-आंबेडकरी चळवळीने काही काम केले, हे त्या ४ टक्क्यांत आहेच. पण तिने लोकांना हेही शिकविले की या प्रश्नाला ‘होय’ असे उत्तर देणे लाजिरवाणे आहे. लाज ही लहान गोष्ट नव्हे, तिच्यावर पुष्कळ उभे राहते. तरी लाज म्हणजे समता नव्हे. तोच सर्वे सांगतो की देशात जातीबाहेरची लग्ने सुमारे ५ टक्केच आहेत.

अमेरिकेचा दाखला येथे उपयोगी आहे. तेथे काळ्या-गोऱ्यांच्या विवाहाला संमती देणारे लोक १९५८ साली ४ टक्के होते, २०२१ मध्ये ९४ टक्के झाले. आपले समजूत घालणारे गृहस्थ म्हणतील, पाहा, पिढी बदलली. पण तेथील सर्वोच्च न्यायालयाने असे विवाह बेकायदा ठरविणारे कायदे १९६७ साली रद्द केले तेव्हा संमती देणारे पाचांत एक होते. कायदा आणि नागरी हक्कांची चळवळ पुढे गेली आणि मत मागून फरफटत आले. आणि ९४ टक्क्यांच्या या देशात २०२० साली जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर पोलिसाचा गुडघा होताच.

२९ सप्टेंबर २००६. मोहाडी तालुक्यातले खैरलांजी. सुरेखा भोतमांगे, मुलगी प्रियंका, मुले रोशन आणि सुधीर यांना जमावाने ठार मारले. भैयालाल तेवढे वाचले. तपशील आपण सारे जाणतो, ते पुन्हा लिहिण्याची माझी इच्छा नाही. कारण मात्र लिहिले पाहिजे. या कुटुंबाकडे जमीन होती आणि तिच्यातून रस्ता हवा होता. मुले शिकत होती. शेजारच्या गावच्या पोलीस पाटलाला झालेल्या मारहाणीत सुरेखा आणि प्रियंका साक्षीला उभ्या राहिल्या, आरोपींना ओळखले. ते जामिनावर सुटले त्याच दिवशी हे घडले. हिशेब मागणाऱ्याबद्दल १९५४ मध्ये जे मत पेटीत गुपचूप पडले होते, ते येथे उघड्यावर आले. नोव्हेंबरात भंडारा, नागपूर, अमरावती, यवतमाळची तरुण पोरे रस्त्यावर उतरली तर गृहमंत्र्यांना त्यात नक्षलवाद्यांचा हात दिसला. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ मध्ये सहा जणांना फाशी व दोघांना जन्मठेप दिली. नागपूर खंडपीठाने २०१० मध्ये फाशीची शिक्षा पंचवीस वर्षांच्या कैदेवर आणली. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते कायम केले. अत्याचार-प्रतिबंधक कायदा कोठेही लागू झाला नाही. हेतू सूडाचा होता, जातीचा नव्हे, असे उच्च न्यायालयाला वाटले. १९५४ च्या न्यायमूर्तींनी जात शोधायला शेजाऱ्यांची नजर पाहिली होती. २०१० मध्ये शेजारी आरोपीच्या पिंजऱ्यात होते आणि त्यांच्या नजरेत जात सापडली नाही. भैयालाल भोतमांगे जानेवारी २०१७ मध्ये वारले.

हा आरसा स्पृश्यांपुढेच धरून थांबणे मला बरे वाटत नाही. बारके, लाडवण, बावणे, कोसरे या आमच्या पोटजाती. दीक्षेने त्या संपल्या असे आपण साठ-सत्तर वर्षे व्यासपीठावरून सांगत आलो. मांग आणि चांभार बांधवांच्या घरी आपल्यातल्या किती मुली दिल्या, हे तर विचारायलाच नको. वधूवर मेळाव्याच्या अर्जात आता पोटजातीचा रकाना नसतो. तेवढे आपण बदललो आहोत. पाहुणे येतात, त्रिसरण-पंचशील होते, मुलगा काय करतो, मुलगी कोणत्या वर्षाला आहे, सगळे नीट बोलणे होते. मग चहाची बशी खाली ठेवता ठेवता कोणी वडीलधारा, आणि हल्ली कित्येकदा पदवीधर मुलगाच, अगदी सहज विचारतो: ‘तसं काही नाही जी, पण तुमचं मूळ गाव कोणतं? अन् मामाकडचं आडनाव?’